शहरांपेक्षा माणसं कमी ठेवा : गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कोणी पुण्यात कॉलेज करत असेल, कोणी नाशकात नोकरी सांभाळून रात्री युनिटी किंवा गोडो ही गेम बनवायची साधनं उघडून बसत असेल, कोणी बंगळुरात नाहीतर परदेशात एखाद्या स्टुडिओत लागलं असेल. प्राचीन जगावरचा स्ट्रॅटेजी गेम बनवायचं ज्यांच्या मनात आहे, त्या सगळ्यांना हे पत्र. मग तो गेम रोमवर असो, मगधावर असो की पैठणच्या सातवाहनांवर. सैन्य कसं दिसावं, हत्ती कसे पळावेत, यावर सल्ला द्यायला पुष्कळ जण पुढे येतील. मला बोलायचं आहे ते राजघराण्यातल्या माणसांबद्दल: वारस कसे वाढवायचे आणि कुठल्या शहरावर कोणाला नेमायचं. हा भाग बनवणारे बहुतेकदा शेवटी हाती घेतात. तो नीट जमला तर तुमचा गेम लोक वीस वर्षांनीही काढून खेळतील, अशी माझी खात्री आहे.

मागणं थोडक्यात सांगतो. शहरं वाढत जावीत, पण ती सांभाळणारी भरवशाची माणसं कायम कमी पडावीत. आणि ज्याला जिथे नेमाल, तिथल्या हवापाण्याने तो बदलत जावा. बाकी कशातही काटछाट करा, या दोन गोष्टींना हात लावू नका.

‘रोम : टोटल वॉर’ हा गेम २००४ साली आला. तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नसतील, तरी तो मिळवून खेळा. २०२१ मध्ये त्याची रीमास्टर्ड आवृत्तीही निघाली आहे. कॅम्पेन, म्हणजे नकाशावरचा सलग खेळ, इ.स.पू. २७० ला सुरू होतं. ज्युलिआय घराणं घेतलंत तर हाती अरेटियम आणि अरिमिनम ही दोन शहरं येतात, आणि कुटुंबप्रमुख फ्लेवियस ज्युलियस व त्याची मुलं. दोन शहरांना एवढी माणसं म्हणजे चैनच. मग सेनेटचा हुकूम येतो, सेगेस्टा घ्या. पाठोपाठ गॉलांची मेडिओलॅनम आणि पटेवियम खुणावायला लागतात. नकाशा पसरतो, फॅमिली ट्री मात्र त्या वेगाने पसरत नाही. एक टर्न, म्हणजे खेळाडूची एक पाळी, ही सहा महिन्यांची, आणि मुलगा सोळा वर्षांचा झाल्याशिवाय कामाला येत नाही. म्हणजे आज पाळण्यात असलेलं पोर हाताशी यायला ३२ टर्न. पायदळाची तुकडी एका टर्नमध्ये उभी राहते. माणूस घडायला लागणारा हा वेळ खेळाडूला जाणवणं, हीच त्या खेळाची सगळ्यात मोठी करामत आहे.

माणूस कमी पडला की मग शोधाशोध सुरू होते. मुलीसाठी स्थळ येतं, ते पाहायचं: जावई घरात आला की तोही गव्हर्नर होऊ शकतो. एखादा उमेदवार दत्तक घ्यायचा का, हे ठरवायचं. घराण्याबाहेरच्या कप्तानाने मोठी लढाई मारली तर त्याला कुटुंबात घेण्याची संधी येते. या तिन्ही वेळी समोर फक्त एक नाव, एक वय आणि दोन-चार गुण-अवगुण असतात, आणि तेवढ्यावर निर्णय घ्यायचा असतो. स्थळ पाहताना आपल्याकडे घरातली मोठी माणसं जितकी बारकाईने चौकशी करतात, तितक्याच बारकाईने मी ती यादी वाचतो.

नेमणूक झाल्यावरची गंमत आणखी मोठी आहे. प्रत्येकाचे तीन मुख्य गुण: सेनापती म्हणून वकूब, कारभाराची जाण, आणि वजन. कारभाराची जाण असेल तर शहराचं उत्पन्न वाढतं, वजन असेल तर लोक शांत राहतात. हे गुण जन्मासोबत पक्के ठरत नाहीत. शहरात अकादमी असेल तर तिथे बसलेला तरुण शहाणा होत जातो, त्याच्याभोवती शिक्षक, हिशेबनीस अशी कामाची माणसं जमतात. त्याच शहरात आखाडे आणि रथशर्यती असतील तर तो त्यांच्या नादी लागतो. मद्याचा देव बॅकस याच्या देवळाने प्रजा खूश होते खरी, पण तिथला गव्हर्नर पेल्याकडे वळायचा धोका असतो. तिजोरीत ५०,००० डेनारींच्या वर पैसा साचू दिला तर चांगल्या घरची मुलंही हात ओले करायला शिकतात. म्हणून अनुभवी खेळाडू पैसा साठवत नाहीत. रस्ते, बंदरं, पाणीपुरवठा यांत घालून मोकळे होतात. भ्रष्टाचारावर एक ओळही न लिहिता त्या गेमने तो शिकवला आहे.

प्रत्येकाभोवती जमणाऱ्या आठ जणांपर्यंतच्या त्या गोतावळ्याचंही पाहा. दोन नातलग एकाच शहरात असले तर एकाजवळचा माणूस दुसऱ्याकडे देता येतो. म्हातारा गव्हर्नर साठी ओलांडतो, तेव्हा त्याच्याजवळचा जुना कारभारी नातवाकडे जाईल असं बघावं लागतं. त्यासाठी नातवाला वेळेवर त्या शहरात आणावं लागतं, आणि आणलं तर त्याचं सैन्य तेवढा काळ नेत्याविना राहतं. एवढ्याशा गोष्टीत राज्यकारभाराचा केवढा मोठा प्रश्न येतो: जुन्यांचं शहाणपण नव्यांकडे पोहोचायला दोघं एका जागी असावे लागतात.

आणखी एक बारकावा फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. शहर जिंकून तिथली प्रजा गुलाम केली, तर ते गुलाम तुमच्या ज्या शहरांत गव्हर्नर हजर आहे तिथेच वाटले जातात. म्हणजे कुठलं शहर वाढणार हे तुमच्या मुलांच्या मुक्कामावर ठरतं. आणि शहर वाढलं की घाण वाढते, बेबनाव वाढतो, राजधानीपासून ते लांब असेल तर आणखी भर. २४,००० वस्ती ओलांडलेलं महानगर तिसऱ्या फळीच्या गव्हर्नरला झेपत नाही. मग चांगला माणूस सीमेवरून मागे बोलवायचा का? हा प्रश्न ज्या टर्नला पडत नाही, तो टर्न मला पोकळ वाटतो.

त्या गेममध्ये कॅम्पेन सुरू करताना एक पर्याय असतो, सगळ्या शहरांचा कारभार आपल्या हाती ठेवण्याचा. ती खूण केली की घरचा माणूस नसलेलं शहरही तुम्ही चालवू शकता. न केल्यास ज्या शहरात घराण्यातला कोणी नाही, तिथला कारभार संगणक आपल्या मनाने करतो. बहुतेक जण सोयीसाठी खूण करतात. एकदा ती न करता खेळून बघा. तुमचा अधिकार जिथे तुमचा माणूस आहे तिथेच संपतो, हे प्राचीन साम्राज्याचं खरं रूप तेव्हा डोळ्यांसमोर येतं. टेलिफोन नव्हता, रेल्वे नव्हती. राजाचा हुकूम म्हणजे राजाने पाठवलेला माणूस.

कॅम्पेनची शेवटची मुदत इ.स. १४ आहे, म्हणजे ज्या वर्षी रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस वारला ते वर्ष. त्या ऑगस्टसच्या घरातली वारसांची हकिगत तुम्ही बारकाईने वाचावी, कारण या विषयावर तिच्याइतकी उत्तम डिझाइन-टिपणी दुसरी नाही. भाचा मार्सेलस याला मुलगी दिली; तो इ.स.पू. २३ मध्ये ऐन तारुण्यात गेला. मग तीच मुलगी, जूलिया, अॅग्रिपाला दिली. अॅग्रिपा सेनापती, पूर्वेचा कारभार सांभाळणारा, बांधकामांचा जाणता, तो इ.स.पू. १२ मध्ये गेला. त्या दोघांची मुलं गायस आणि लूसियस यांना आजोबांनी आधीच दत्तक घेतलं होतं. लूसियस इ.स. २ मध्ये मॅसिलियात वारला, गायस इ.स. ४ मध्ये आर्मेनियाच्या मोहिमेवरून परतताना लिसियात. उरला सावत्र मुलगा टायबेरियस. त्याला दत्तक घेताना ऑगस्टसने त्याच्याकडून आधी पुतण्या जर्मॅनिकसला दत्तक घेववलं, टायबेरियसला स्वतःचा मुलगा असतानाही. वर्षानुवर्षं एक माणूस उद्याची तजवीज करत होता आणि दर वेळी यादी वरून कापली जात होती.

खेळाडूला अकाली मृत्यू आवडत नाहीत, तो सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, परत लोड करतो, म्हणून मृत्यू सौम्य करा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ऐकू नका. मृत्यू झाल्यावर पुढे करण्यासारखं काही असू द्या: जावयाला पुढे आणता येईल, धाकट्याला सीमेवरून बोलावता येईल, विधवा लेकीचं दुसरं लग्न नव्या घराशी जोडता येईल. वाट दिसत असेल तर खेळाडू सेव्ह लोड करत नाही, पुढे जातो.

गव्हर्नरांच्या बाबतीतही रोमचा इतिहास भरपूर देतो. व्हेरेस इ.स.पू. ७३ ते ७१ सिसिलीवर गव्हर्नर होता. त्याने बेट इतकं लुटलं की इ.स.पू. ७० मध्ये नामांकित वक्ता सिसेरो याने त्याच्यावर खटला चालवला आणि निकाल लागण्याआधीच तो रोम सोडून गेला. तोच सिसेरो पुढे इ.स.पू. ५१ मध्ये स्वतः सिलिसियाचा गव्हर्नर झाला आणि तिथून मित्रांना पत्रं लिहून कधी एकदा रोमला परततो असं म्हणत राहिला. एकाला प्रांत म्हणजे कुरण वाटतो, दुसऱ्याला वनवास. तुमच्या गेममधल्या पात्रांनाही आपल्या नेमणुकीबद्दल काही वाटलं पाहिजे.

पुढच्या गेमनी या विषयाचं काय केलं, तेही बघायला हवं. ‘रोम २’ २०१३ मध्ये आला तेव्हा त्यात फॅमिली ट्री नव्हता. शहरावर माणूस बसवण्याऐवजी प्रांताला फर्मानं लावायची पद्धत आली. खेळाडूंची त्या ट्रीसाठी मागणी चालूच राहिली आणि अखेर २०१८ च्या मोफत अपडेटमध्ये तो परत आणला गेला. पाच वर्षांनी का होईना, आणला, याचं मला कौतुक आहे. पण मुळापासून विणलेला धागा आणि नंतर घातलेलं ठिगळ यांत फरक राहतोच. मधल्या काळात, २०१५ च्या ‘अॅटिला’त प्रांतांवर गव्हर्नर परत आले होते. ‘इम्पेरेटर : रोम’ २०१९ चा. त्यात घराण्यांना पदांचा वाटा हवा असतो, तो न मिळाल्यास ती रुसतात. गव्हर्नरची निष्ठा ढळली तर प्रांत हातचा जातो, यादवी पेटते. कल्पना फार चांगली. पण पात्रं इतकी की चेहरे लक्षात राहत नाहीत, आणि चेहरा लक्षात राहिला नाही तर फितुरीचं दुःख होत नाही. नुसता आकडा खाली आल्याचं कळतं. २०२१ मध्ये त्याचं काम थांबलं, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या मते या पिढीतलं सगळ्यात नेटकं काम ‘ओल्ड वर्ल्ड’ने केलं आहे. त्यात एक टर्न म्हणजे एक वर्ष, त्यामुळे वय डोळ्यांसमोर सरकतं. प्रत्येक राष्ट्राची चार घराणी, त्यांतली तीन निवडायची, आणि प्रत्येक शहर वसवतानाच कुठल्या घराण्याला द्यायचं ते ठरवायचं. मुलाला काय शिकवायचं तेही तुम्हीच ठरवता. शहाणपण, छाप, धैर्य आणि शिस्त असे चार गुण. कोणता गुण जास्त त्यावर गव्हर्नर शहराला काय देईल ते ठरतं. आणि टर्नमध्ये किती हुकूम सोडता येतील यालाच मर्यादा आहे, म्हणून राज्य मोठं झालं तरी खेळाडू यादीत बुडून जात नाही. बाईही गादीवर बसू शकते.

शेवटच्या टप्प्यातला कंटाळा ही खरी अडचण आहे, ती मी नाकारत नाही. ‘रोम’मध्ये जिंकायला ५० प्रांत लागायचे, इतक्या शहरांत माणसं हलवत बसणं कोणालाही जड जातं. यावर उपाय म्हणून माणसं काढून टाकली गेली. माझी विनंती उलटी आहे: शहरं कमी करा. पन्नासाऐवजी बारा ठेवा, आणि त्या बारांत कोण बसलंय यावर सगळं अवलंबून राहू द्या.

आता जे नाशिकजवळ राहतात त्यांनी एक दिवस काढावा आणि पांडवलेणी नीट पाहावीत. घराणं आणि गव्हर्नर यांचा खेळ तिथे दगडावर कोरलेला आहे. क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचे लेख तिथल्या दहाव्या लेण्यात आहेत. सासऱ्याच्या वतीने या भागाचा कारभार तो बघायचा, आणि आपण काय काय केलं ते त्याने लिहून ठेवलं आहे: भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसोर), नाशिकजवळचं गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे धर्मशाळा, विहिरी, तळी, तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट नावा. वेढ्यात अडकलेल्या उत्तमभद्र या टोळीच्या सुटकेसाठी सासऱ्याच्या हुकमावरून मोहिमेवरही तो गेला. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमच्या ठेवीत ठेवले, २,००० शेकडा एक दरमहा आणि १,००० शेकडा पाऊण दरमहा व्याजाने, लेण्यातल्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी. त्याची बायको, नहपानाची मुलगी दक्षमित्रा, हिनेही तिथे एक खोली दान केली आहे. शहराचा गव्हर्नर पैसा कुठे गुंतवतो, कोणाला आपलंसं करतो, यासाठी तुम्हाला आणखी वेगळा नमुना कशाला हवा?

मग सत्ता उलटली. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रपांचा पाडाव केला. १९०६ मध्ये जोगलटेंभीला सापडलेल्या सव्वातेरा हजारांच्या नाणेसाठ्यात नहपानाच्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. तिसऱ्या लेण्यात त्याचा राज्यवर्ष १८ चा हुकूम आहे, वैजयंतीच्या लष्करी तळावरून गोवर्धनचा अमात्य, म्हणजे राजाचा अधिकारी, विष्णुपालित याला: आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता इथल्या भिक्षूंना द्यावं. वर्ष २४ मध्ये दुसरा हुकूम, या वेळी अमात्य श्यामकाला: दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव उठलेलं आहे, तेव्हा शहराच्या हद्दीतल्या राजशेतातून १०० निवर्तनं द्यावीत. हे दोन हुकूम म्हणजे तयार मिशनच आहे. जिंकलेल्या मुलखात जुन्या गव्हर्नरची जमीन काढून धर्मसंस्थेला देऊन लोक आपल्या बाजूला वळवायचे, सहा वर्षांनी कळतं की ते शेत पडीक आहे, तोवर तिथला अमात्य बदललेला आहे, आणि दुरुस्ती नव्या माणसाने करायची.

तो दुसरा हुकूम एकट्या राजाचा नाही. राजमातेच्याही नावाने तो निघाला आहे. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे, आणि पती गेल्यावर मुलं लहान असताना कारभार तिने चालवला असं अनेक अभ्यासक मानतात. ‘रोम : टोटल वॉर’मध्ये मुलगी फक्त जावई आणण्यापुरती असते, तिला शहर देता येत नाही. आपल्या इतिहासावर गेम करताना तुम्ही ही उणीव ठेवली तर मला ते अजिबात पटणार नाही. राणीला, राजमातेला हुकूम काढता आला पाहिजे, आणि गादीवरचा मुलगा व त्याची आई यांची मतं जुळत नसतील तर शहरातल्या अमात्याने कोणाचं ऐकायचं, हा पेचही खेळाडूसमोर आला पाहिजे.

मौर्यांवर करणार असाल तर अशोकाचे लेख पाहा. तक्षशिला, उज्जयिनी, तोसली इथे कुमार नेमलेले होते. ओडिशातल्या धौलीच्या लेखात तो बजावतो की उज्जयिनीच्या कुमारानेही अधिकाऱ्यांना फेरीवर पाठवावं आणि तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. कोणाचा विनाकारण छळ होऊ नये, कोणी विनाकारण डांबलं जाऊ नये, यासाठी. गव्हर्नरवर नजर ठेवायला फिरते अधिकारी, तेही ठरलेल्या मुदतीने. हा नियम गेममध्ये कोणी वापरलेला मी पाहिलेला नाही. तुम्ही वापरा.

पडद्यावर फार काही दाखवू नका. नाव, वय, कोणाचं अपत्य, कुठे वाढलं, आत्ता कुठे आहे आणि तिथे किती वर्षं झाली, एवढं एका नजरेत दिसावं. गुण-अवगुण मराठीत लिहा, आणि बोलीतले शब्द वापरायला लाजू नका: ‘हात सैल’, ‘कानाचा हलका’, ‘शब्दाला पक्का’. असा माणूस कसा वागेल हे मराठी खेळाडूला वाचताक्षणी कळेल.

पहिली खेळता येण्याजोगी आवृत्ती तयार झाली की, लढाया नसल्या तरी चालेल, नकाशा कच्चा असला तरी चालेल, चाचणीसाठी माझ्यासारख्यांना बोलवा. पाच शहरं आणि तीन माणसं ठेवा. मी खेळेन, आणि कोणत्या टर्नला कोणाला कुठून हलवलं व का, ते सविस्तर लिहून कळवेन.

तुमचा,
एक खेळाडू